नंदीसमोरचे कर्णे

आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणं मांजरीशी व्हायचं. ऐकणाऱ्याला वाटावं, या लोकांना मांजराचं लई कौतुक. तसं काही नव्हतं. मांजर पक्की चोर होती आणि बाई, म्हणजे माझी आई, उठता-बसता तिच्या नावानं बोटं मोडायची. पण थोरल्या भावाचं, दादाचं लग्न झालं, वहिनी घरात आली आणि मांजरीला एकदम भाव आला. कारण आमच्याकडची रीत अशी की सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही. समोर यायचं नाही, आलीच तर पदर कपाळाखाली ओढून, भिंतीच्या कडेकडेनं. आता एका घरात राहायचं, एका चुलीवरचं खायचं, तर एकमेकांना सांगायचं कसं? मग वहिनी चुलीपाशी बसून मांजरीला म्हणायची, "मने, मामंजीचं आंघुळीचं पाणी काढलंय म्हणावं." ओसरीवर आबा, माझे वडील, खाकरायचे आणि तिथूनच बोलायचे, "मने, आलो म्हणावं. पाणी लई कडक नसंल ना?" वहिनी म्हणायची, "मने, गार पाण्याचं इसण घातलंय म्हणावं." मनी कुठंतरी कोपऱ्यात पाय चाटत बसलेली असायची. कधी ती घरातच नसायची, शेजारच्यांच्या दुधावर गेलेली असायची, तरी तिच्याशी बोलणं चालूच राहायचं.

मनी नसली तर खांब, खांब नसला तर दावणीचं वासरू, आणि मी हाताशी असले तर मी. मी तेव्हा गावातल्या शाळेत वरच्या वर्गात होते, परकर-पोलक्यातून नुकती बाहेर पडत होते, आणि जीभ जन्मापासूनच चालू होती. वहिनी हळूच म्हणायची, "वन्सं, मामंजीला जेवायला बोलवा." मी ओसरीवर जाऊन सांगायचे, "आबा, वैनी म्हणती, धपाटे गार झाल्यावर आमाला बोल लावू नका." आबा मिशीतल्या मिशीत हसायचे. "ती आसं म्हणली?" "तोंडानं न्हाई म्हणली, डोळ्यानं म्हणली." आतून वहिनीच्या बांगड्या वाजायच्या. ती हसली की हात तोंडावर दाबायची, त्यामुळं तिचं हसणं आम्हाला बांगड्यांवरूनच कळायचं. आजही कुणाच्या काचेच्या बांगड्या तशा एकदम किणकिणल्या, की मला आमची ती चूल आणि दह्याबरोबरच्या धपाट्यांचा वास आठवतो.

वहिनीचं माहेर पालीचं, बिंदुसरेच्या धरणाजवळचं. नाव कौसल्या, पण बाई तिला "पालीकरीण" म्हणायची; रागात असली की "स्पीकरवाल्याची". कारण तिच्या वडिलांची थोडी शेती होती आणि जोडीला लग्नाकार्यात स्पीकर लावायचा धंदा. घरात पोरगा लहान, म्हणून वयात येईपर्यंत ही पोर बापाबरोबर बैलगाडीत बसून वऱ्हाडाच्या आधी गावोगाव जायची. कर्णे बांधायची, वायरी जोडायची, मशीन लावून द्यायची. कर्णा म्हणजे ते लोखंडी भोंगे, मोठ्या धोत्र्याच्या फुलासारखे. लग्न होऊन ती आमच्याकडं आली तेव्हा तिच्या पत्र्याच्या पेटीत लुगड्यांच्या घडीखाली एक पक्कड निघाली, दांड्यावर लाल रबर असलेली. बापानं लेकीला आंदणात पक्कड द्यावी, हे बाईला कितीतरी दिवस पचलं नाही. पण वस्तू वाया घालवणं तिच्या रक्तात नव्हतं. आमची सांडशी मोडली होती. बाईनं त्या पकडीची सांडशी केली. रोज संध्याकाळी येसर आमटीचं उकळतं पातेलं त्या पकडीत धरून खाली उतरायचं, आणि वहिनी त्या काळ्या पडत चाललेल्या लाल रबराकडं बघत भाकरी थापायची. त्याबद्दल ती कधी काही बोलली नाही, मांजरीशीसुद्धा नाही.

आबांबद्दल सांगायचं तर माणूस आडदांड, आवाज असा की ओसरीवरून बोलले तर गोठ्यातली बैलं कान टवकारायची. हट्टी तर इतके की एकदा डावीकडनं जायचं ठरवलं तर उजवीकडं रस्ता असला तरी जाणार नाहीत. चार माणसांत बसले की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "आमच्या सुनंचा आवाज उंबऱ्याभाईर कुनी ऐकला आसंल तर सांगावं." आज माझ्या सुना हे ऐकून कपाळाला हात लावतात. लावू देत. मला मात्र तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, आणि आबांवर त्यासाठी राग धरणं मला आजही जमत नाही. इज्जत मोजायचं माप त्यांच्या हातात तेवढंच दिलं होतं, आणि त्या मापानं ते सुनेचं कौतुकच करत होते.

आबांना त्यांच्या थोरल्या बहिणीनं वाढवलं होतं. आबा तिला आक्का म्हणायचे, आम्ही आत्याबाई. अर्धांगाचा झटका आल्यापासून ती मधल्या खोलीत पडून असायची. आयुष्यभर तिनं शिवरात्रीच्या सप्त्यातलं एक कीर्तन चुकवलं नव्हतं, आणि आता देऊळ इतकं जवळ असूनही तिला टाळांचा नुसता गलका ऐकू यायचा, शब्द एकही नाही. मग ती मला, शांतीला, धाडायची. परत आले की अंथरुणातूनच विचारायची, "काय म्हणलं गं बुवानं?" मी मला जमेल तसं सांगायचे. ती मान हलवायची, पण तिचं समाधान झालेलं दिसायचं नाही. पुढची शिवरात्र यायच्या आत ती गेली. आबा रडले नाहीत. दहावं-तेरावं झाल्यावर एकदा ओसरीवर बसून, कुणाशी बोलतायत हे कळू न देता, म्हणाले, "शांती निरोप आणायची, पर आक्काला निरोप नको हुता. तिला बुवाचा आवाज पायजे हुता." आणि लगेच पुढं, "अंथरुणावर पडल्यालं माणूस गावात आनखी बी हाय. ह्या सप्त्याला त्यानं दुसऱ्याला इचारायची पाळी येऊ देणार न्हाई मी. आक्काची शपथ."

ते बीडला गेले आणि एसटीच्या टपावर टाकून माल घेऊन आले: एक मशीन, म्हणजे आवाज मोठा करणारी ती पेटी, एक माईक, वायरीचं भलं मोठं वेटोळं आणि दोन कर्णे. गावात तोवर स्पीकर यायचा तो लग्नापुरता; दुसऱ्या दिवशी गाडीत बसून परत जायचा. देवळाला कायमचा स्पीकर ही गोष्ट आमच्या भागात नवी होती. नांदूरघाटच्या बाजारातसुद्धा चर्चा झाली म्हणे. कर्णे बसवायला बीडच्या दुकानदारानं माणूस पाठवतो म्हणून सांगितलं होतं. माणूस आलाच नाही. दादा एसटीत कंडक्टर, तो ड्यूटीवर. सप्ता त्याच संध्याकाळी बसणार होता, बुवा दुपारच्या गाडीनं यायचे होते. आबांनी धोतर खोचलं. "भिंतीला दोन भोंगे टांगायचे, त्याला काय पंडित लागतो का?"

आता आमचं महादेवाचं देऊळ डोळ्यांपुढं आणा. मधे गाभारा, त्याच्यापुढं मोकळं अंगण, अंगणात दगडी नंदी, आणि सगळ्याभोवती चुन्यात बांधलेली दगडी भिंत. भिंतीला एकच दरवाजा, नंदीच्या पाठीमागं, गावाकडं उघडणारा. आणि आमच्या गावची एक रीत होती, जी मी दुसरीकडं कुठं बघितली नाही. महादेवाला कुणी पाठ दाखवायची नाही. दर्शन झालं की सगळे तोंड देवाकडं ठेवून उलट्या पावलांनी नंदीपर्यंत यायचे, नंदीच्या कानात काय सांगायचं ते सांगायचे, आणि नंदी ओलांडला की मग वळायचे. लग्नातली नवरा-नवरीसुद्धा मुंडावळ्या सावरत मागं मागं चालायची. म्हाताऱ्या माणसांना मागून कुणीतरी धरायचं. आमच्या पायांना त्या अंगणातला दगडन् दगड मागच्या बाजूनं पाठ होता.

दुपारी मी देवळात गेले तेव्हा आबा दरवाजाच्या बाजूच्या भिंतीवर शिडी लावून चढले होते आणि दगडात खिळा ठोकत होते. खिळा वाकडा व्हायचा, आबा दुसरा घ्यायचे. खाली चेअरमन उभे होते, सोसायटीचे. गावातलं कुठलंही काम त्यांनी बघितल्याशिवाय पुरं व्हायचं नाही, आणि त्यांनी हात लावून कुठलंही सुरू झालेलं नव्हतं. पलीकडं ओवरीत बायका पंगतीचे गहू निवडत बसल्या होत्या, त्यात बाई आणि वहिनी. वहिनीनं मला खुणेनं जवळ बोलावलं. सुपातून नजर वर न काढता म्हणाली, "वन्सं, मामंजीला म्हणावं, दगडात खिळा जात न्हाई. दोन दगडाच्या सांद्यातला चुना कोरा, त्यात लाकडाची गिट्टी ठोका आन् खिळा गिट्टीत मारा. आन् भोक कसं, तोंडाला बारीक आन् आत रुंद. म्हंजी चुना भरला की गिट्टी भाईर येत न्हाई." मी शिडीखाली जाऊन सगळं म्हणून दाखवलं. आबांचा हातोडा थांबला. "ह्ये कोन सांगतंय?" मी म्हणलं, "मनी." चेअरमनला काही कळलं नाही. आबांना कळलं. त्यांनी थोडा वेळ मिशी चावली आणि म्हणाले, "जा, सुताराकडनं बाभळीचा तुकडा आण." गिट्ट्या बसल्या. आबांनी एका गिट्टीला दोन्ही हातांनी लोंबकळून बघितलं आणि ती हलली नाही तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं, ते मला अजून दिसतं.

परवा बीडला माझ्या नातवानं मशीननं घर्र घर्र करून भिंतीला भोकं पाडली आणि दोन छोटे स्पीकर लावले. दुसऱ्या दिवशी त्यातला एक देवघरावर पडला. मी त्याला तोंडाला बारीक, आत रुंद हे सांगितलं, तर म्हणतो, आजी, मोबाईलवर असं दाखवत नाहीत. म्हणलं, राहिलं बाबा. देवांचं मी बघते.

तर गिट्ट्या बसल्या, आणि आता कर्णे टांगायचे. इथं आबांनी जे केलं ते आमच्याच गावचा माणूस करू जाणे. त्यांनी दोन्ही कर्णे दरवाजाच्या दोन्ही अंगांना बसवले, पण तोंडं आत, महादेवाकडं. गावाकडं कर्ण्यांची बुडं. गुरवबाबा, देवळाचे पुजारी, खाली उभं राहून बघत होते आणि मान डोलवत होते. आबांनी वरून विचारलं, "बरोबर हाय ना, गुरवबाबा?" गुरवबाबा म्हणाले, "बरोबर. देवाला पाठ न्हाई झाली पायजे. नंदी बसलाय तसाच भोंगा बसला पायजे." वहिनीचं सूप थांबलेलं मी बघितलं. तिनं मला बोलावून सांगितलं, मी आबांना सांगितलं, "वैनी म्हणती, तोंडं भाईर पायजेत." आबा म्हणाले, "तिला म्हणावं, लग्नाचा मांडव येगळा आन् देऊळ येगळं. आवाज काय, घुमला की चारी दिशंला जातो." हे उत्तर मी ओवरीत पोचवलं. बाई वहिनीला दबक्या आवाजात म्हणाली, "बास की आता. किती त्वांड घालशील गड्याच्या कामात?" वहिनीनं मान खाली घातली आणि गहू निवडायला लागली.

माईक उभा केला तो नंदीच्या पुढं, जिथं बुवा उभे राहायचे, म्हणजे बरोबर कर्ण्यांच्या तोंडासमोर. चेअरमनच्या पोरानं मशीनची कळ दाबली, बटण पार पुढं फिरवलं, आणि चेअरमन ऐटीत माईकपुढं जाऊन म्हणाले, "हॅलो." पुढं जे झालं ते मी कसं सांगू? त्या दोन कर्ण्यांतून अशी किंचाळी निघाली की शिखरावरची कबुतरं एकदम उडाली, ओवरीत कुणाच्या तरी मांडीवरचं लेकरू भोकाड पसरून रडायला लागलं आणि बाहेर बांधलेला एक बैल दावं तोडून पळाला. कळ बंद केली, किंचाळी थांबली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. चेअरमन पोरावर डाफरले, "काय केलंस बे?" पोरगं म्हणालं, "म्या काय केलं? तुमी बोलले की वरडतंय." कर्ण्यातून आलेला आवाज परत माईकमधे जायचा, माईकमधून परत कर्ण्यात, आणि असा फिरत फिरत वाढायचा, हे आज मला कळतं. त्या दिवशी अंगणात ते कळणारं एकच माणूस होतं आणि ते गहू निवडत होतं.

गुरवबाबांनी हात जोडले. "आबा, देवाला ह्ये पसंत न्हाई. इतकी वर्सं तोंडी कीर्तन ऐकलं त्येनं." चेअरमन लगेच म्हणाले, "मी म्हणणारच हुतो. आबा, सप्त्याच्या तोंडाला अपशकुन नको. उतरवा ते." ओवरीतल्या बायकाही "उतरवा बाई, उतरवा" करायला लागल्या. आबा शिडीवरच होते. एक हात कर्ण्यावर ठेवला होता. त्यांचा चेहरा मी असा एकदाच बघितला होता, आत्याबाईला बाहेर काढलं तेव्हा. ते कुणाशी वाद घालत नव्हते, हे मला सगळ्यात भयंकर वाटलं. आबा आणि वाद नाही? मग ते म्हणाले, "एकडाव बघू. शांते, तू भिंतीच्या पलीकडं जा, शबुद ऐकू येतोय का सांग. कुनीतरी माईकमधी बोला. ह्यावेळी बी वरडलं तर उतरवतो."

मी दरवाजात जाऊन उभी राहिले, एक पाय आत, एक पाय बाहेर. आत कुणी बोलायला तयार नव्हतं. चेअरमननी घसा दुखतो म्हणून हात झटकले, त्यांचं पोरगं मशीन सोडून नंदीमागं लपलं, गुरवबाबा तर माईकच्या वाऱ्यालाही उभे राहायला तयार नव्हते. आबा वरून म्हणत होते, "बोला की कुनीतरी." आणि मी बघितलं, ओवरीत वहिनी उठली होती. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, मी नेहमीच्या जागी नव्हते. निरोप घेऊन जाणारं कुणी नव्हतं. मनी तर घरी. तिनं पदर नीट केला, कपाळाखाली ओढला, आणि भिंतीच्या कडेकडेनं न जाता सरळ अंगणातून चालत मशीनपाशी आली. बाईनं तोंडावर हात ठेवला. वहिनीनं मशीनचं बटण पार मागं आणलं, मग हळूहळू थोडंसं पुढं केलं. कर्ण्यांत नुसती खरखर आली, किंचाळी नाही. मग ती माईकपुढं उभी राहिली. आणि आमची रीत न मोडता, आबांकडं अजिबात न बघता, माईकशी बोलली.

"माईक," ती म्हणाली, "मामंजीला म्हणावं, नंदी देवाकडं तोंड करून बसलाय, कारन त्याला ऐकायचं हाय. कर्ण्याला ऐकायचं न्हाई, बोलायचं हाय." आवाज स्वच्छ होता. दोन्ही कर्ण्यांतून तो आबांच्या दोन्ही कानांत जात होता. मग ती म्हणाली, "बोलणाराचं त्वांड लोकाकडंच लागतं. बुवा कीर्तनाला हुबे राहत्यात तवा त्येंची बी पाठ देवाकडंच आसती, म्हणावं."

सुनेचा आवाज उंबऱ्याबाहेर कुणी ऐकला असेल तर सांगावं, असं म्हणणाऱ्या माणसासमोर त्या सुनेचा आवाज भिंतीला टांगलेल्या दोन कर्ण्यांतून आला होता, तोही त्यानं स्वतःच्या हातानं टांगलेल्या. आबा खाली बघत होते. माझ्या मनात आलं, आता हे उतरणार, वहिनीला घरी जा म्हणणार, आणि दादा येईपर्यंत घरात कुणी बोलणार नाही. आबांनी घसा खाकरला. ओसरीवर खाकरायचे तसाच. आणि वरून, माईककडं बघून, म्हणाले, "माईक, म्हणावं, मग ह्ये फिरवायचे कसे?"

मला रडू आलं. का ते तेव्हा कळलं नाही, आज नीट कळतं. मला तिचा अभिमान वाटला होता, आणि आबांचाही.

गुरवबाबा मात्र अडून बसले. आबा शिडीवरून उतरले आणि त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. "गुरवबाबा, लोक नंदीच्या कानात बोलत्यात, का नंदी लोकाशी बोलतो?" गुरवबाबांनी नंदीकडं बघितलं. "आजवर समद्या गावानं त्याच्या कानात सांगितलं. तो कुनाला काय बोलला, ह्ये म्या तरी ऐकलं न्हाई." आबा म्हणाले, "मग पोरीचं बरोबर हाय." पोरीचं. सून म्हणाले नाहीत, पालीकरीण म्हणाले नाहीत. गुरवबाबांनी शेवटी तोड काढली: कर्ण्यांनी आधी देवाचं दर्शन घ्यायचं, आणि मग रीतीप्रमाणं उलट्या पावलांनी बाहेर यायचं. आणि तसंच झालं. दोन्ही कर्णे उतरवून गाभाऱ्यापुढं नेले, हळद-कुंकू लावलं, नारळ फुटला, आणि एक कर्णा आबांनी, दुसरा चेअरमननी कडेवर लेकरू धरावं तसा धरून, तोंड देवाकडं ठेवून, मागं मागं चालत आणला. चेअरमनचा पाय गव्हाच्या सुपात पडला. बायका हसल्या, आणि किंचाळीनं आलेली भीती त्या हसण्यातच गेली.

बाकीचं काम वहिनीनं माईक दरवाजाशी आणून त्याच्यावरूनच करून घेतलं. कर्णे भिंतीच्या बाहेरच्या अंगाला घ्यायचे, तिथं तशाच गिट्ट्या ठोकायच्या, वायर आधी गिट्टीला गुंडाळून गाठ मारायची म्हणजे सगळा ताण जोडावर येत नाही, एक कर्णा कुंभारवाड्याकडं आणि एक मधल्या आळीकडं, तोंड थोडं खाली. आबा शिडीवरून "माईक, म्हणावं, आता?" असं विचारत होते आणि वहिनी "माईक, म्हणावं, आनखी उलीसं डावीकडं" असं सांगत होती. अख्खा गाव आपापल्या दारात उभा राहून हे ऐकत होता. कर्णे घट्ट झाले. शेवटची चाचणी राहिली होती. वहिनी म्हणाली, "माईक, मामंजीला म्हणावं..." आणि आबांनी वरूनच तिला तोडलं. "आगं, मलाच बोल की. त्याला कावून तरास देती?" वहिनीचा पदर तसाच होता, पण मान वर आली होती. मग ती आबांशी पहिलं वाक्य बोलली, आणि ते सगळ्या गावानं ऐकलं.

"मामंजी, ऐकू येतंय का?"

कर्णा कानाशीच होता, आबा निम्मे बहिरे झाले असतील. म्हणाले, "येतंय गं. कुंभारवाड्यापातुर जातंय."

त्या संध्याकाळी बुवांचं कीर्तन कुंभारवाड्यातल्या पांगळ्या म्हातारीनं आपल्या अंथरुणात ऐकलं आणि सकाळी तिच्या नातीबरोबर आबांना ज्वारीच्या लाह्या पाठवल्या. त्या लाह्यांचं पुडकं आबा आत्याबाईच्या खोलीत घेऊन गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाईचं वेगळंच. ती दोन दिवस वहिनीशी घुश्शात होती, म्हणजे तसं दाखवत होती. सप्ता उठल्यावर ती नांदूरघाटच्या बाजाराला गेली, येताना एक नवी सांडशी घेऊन आली, चुलीपाशी ठेवली, आणि ती लाल रबराची पक्कड राखेनं घासून पुसून वहिनीच्या पेटीवर ठेवली. "ही तुझी हाय, तुझ्यापशी ठिव," एवढंच म्हणाली. माझी निरोप्याची नोकरी मात्र त्या शिवरात्रीला गेली ती गेली. मांजरीचीही गेली, पण तिला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

त्यानंतर दर शिवरात्रीला कर्णे तपासायचं काम वहिनीचंच झालं, आणि चाचणीचं वाक्यही तेच राहिलं. दुसरं कुणी असतं तर हॅलो, हॅलो केलं असतं. वहिनी माईकपुढं उभी राहून विचारायची, "मामंजी, ऐकू येतंय का?" आबा ओवरीत असले तर हात वर करायचे. पुढं ते थकले, त्याच मधल्या खोलीत, आत्याबाईच्याच जागेवर झोपून राहायला लागले. मी माहेरी गेले की त्यांच्या उशाशी बसायचे. कीर्तनाच्या आधी भिंतीपलीकडून, गावावरून, तिचा आवाज यायचा. आबा खाकरायचे आणि छपराकडं बघत म्हणायचे, "येतंय गं." तिला ते ऐकू जायचं नाही. तरी दर वेळी म्हणायचे. मला एकदाही त्यांनी विचारलं नाही, की बुवा काय म्हणले.

आता आबा नाहीत. त्यालाही किती शिवरात्री झाल्या. कर्णे बदलले, मशीन बदललं, गावातल्या पोरांनी डीजे आणून खिडक्या हादरवल्या आणि वहिनीनं त्यांना देवळाच्या अंगणातून हाकलून दिलं. बाभळीच्या गिट्ट्या मात्र त्याच आहेत. या वर्षी मी गेलते. वहिनीचे केस पांढरे झालेत, गुडघे धरतात, शिडीवर तिची नात चढते आणि ही खालून सांगते. सगळं घट्ट झालं की नात माईक तिच्यापुढं आणते. वहिनी पदर सारखा करते, बटण मागं घेते, थोडंसं पुढं करते, आणि विचारते, "मामंजी, ऐकू येतंय का?" मग ती थांबते. एका म्हाताऱ्या माणसाला खाकरून दोन शब्द म्हणायला लागतो, तेवढाच वेळ. आणि मग माईक बुवांच्या हातात देते.